करंजा बोट

ठाण्यातल्या कोपरीतली आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. घर रिकामं करायला तीन महिने मिळाले होते आणि त्यातला पहिला अख्खा रविवार आत्याने माळ्यावरच्या एका ट्रंकेला दिला. भांडी, कपाटं, देव, पुस्तकं सगळं नंतर. आधी आईची ट्रंक, म्हणाली. तिची आई म्हणजे माझी आजी.

हिरव्या रंगाची पत्र्याची ट्रंक. लहानपणापासून मी ती खालूनच बघत आले होते. तिच्या एका अंगाला कागद चिकटवलेला आहे हे मला त्या दिवशी कळलं, कारण ती बाजू कायम भिंतीकडे असायची. ओल्या फडक्याने धूळ टिपली. कागद तपकिरी पडलेला, एक कोपरा वाळवीने नेलेला. मोठ्या इंग्रजी अक्षरांत छापलं होतं, नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज. खाली कंपनीचं नाव, ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन. त्याखालच्या रेघेवर शाईने बोटीचं नाव लिहिलेलं. शाई उडत आली होती, पण अक्षर मास्तरांसारखं गोल होतं, नीट वाचता आलं. करंजा.

आत्याने ते मला दोनदा वाचायला लावलं. मग ती पलंगावर जाऊन बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

आमची आत्या बोटीवर जन्मली, हे घरातल्या लहानथोरांना माहीत होतं. 'करंजा बोटीवर झाली' एवढंच आजी म्हणायची आणि त्यापुढे विषय वाढवायची नाही. आजीचं माहेर अलिबागजवळचं. आजोबा आफ्रिकेत नैरोबीला कारकून होते, ते आधी गेले आणि आजी मागाहून गेली, हेही माहीत होतं. या दोन गोष्टींची सांगड घरात कोणीतरी कधीतरी घातली असणार. रेवसहून तरीने, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीने, करंजाला यायचं, तिथून उरण, मोरा आणि मोऱ्याहून लाँचने भाऊचा धक्का. आजी माहेरहून मुंबईला निघाली, तरीत कळा सुरू झाल्या आणि करंजाच्या खाडीत मुलगी झाली. मग तान्ह्या पोरीला घेऊन ती आफ्रिकेच्या बोटीत चढली. ही गोष्ट मी माझ्या मुलांनाही अशीच सांगितली आहे. रेवसची जेट्टी, हेलकावणारी तर, घाबरलेला नावाडी, हे सगळं मी डोळ्यांसमोर पाहिलेलं होतं म्हणा ना.

या गोष्टीमुळे आत्याला एक माहेर मिळालं होतं. शेजारच्या मजल्यावरच्या कोळी मावशींचं माहेर करंजा. त्यांना हे कळलं तेव्हा आत्या शाळेत होती. तेव्हापासून त्या तिला 'माजे म्हायेरची पोर' म्हणायच्या. करंज्याचे सोडे आले की एक पुडा आमच्याकडे. नारळी पौर्णिमेला आत्याची ओटी भरायची, ती आत्याचं लग्न होऊन ती मुलुंडला गेली तरी चुकली नाही आणि आतोबा गेल्यावर ती परत कोपरीला राहायला आली तेव्हाही. पन्नासेक वर्षं चाललेलं नातं आहे ते.

आणि आता हा कागद.

ट्रंकेत तळाशी, मेणकापडात गुंडाळलेला आजीचा पासपोर्ट होता. तेव्हा लहान मुलांना वेगळा पासपोर्ट नसे, आईच्याच पासपोर्टात मुलांसाठी एक पान असायचं. त्या पानावर पहिलं नाव टाइप केलेलं, माझ्या बाबांचं. दुसरं हाताने लिहिलेलं, निळ्या शाईत. आत्याचं. म्हणजे पासपोर्ट काढला तेव्हा ती नव्हती. मग आम्ही शिक्के शोधायला लागलो. मुंबईहून निघाल्याचा शिक्का नोव्हेंबरच्या चार तारखेचा. मोंबासाला उतरल्याचा बारा तारखेचा. आत्याचा वाढदिवस आम्ही नऊ तारखेला करतो.

तो हिशोब मी मोठ्याने केला नाही. आत्याने बोटांवर केला.

म्हणजे करंजाच्या खाडीतली ती होडी नव्हतीच. करंजा हे आगबोटीचं नाव होतं. ग्लासगोला बांधलेली, १९४८ पासून मुंबई ते पूर्व आफ्रिका आणि पुढे डर्बनपर्यंत फेऱ्या करणारी, दहा हजार टनांहून मोठी. तिची जोडीदारीण कंपाला. आफ्रिकेत गेलेल्या गुजराती, कच्छी, गोवेकर, पंजाबी घरांत ही दोन नावं आजही निघतात. त्याआधीही एक करंजा होती, १९३१ ची. ती युद्धात नौदलाने घेतली आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ बॉम्ब पडून बुडाली. नाव मात्र नव्या बोटीला दिलं गेलं. ही दुसरी करंजा १९७६ साली आपल्या शिपिंग कॉर्पोरेशनने घेतली आणि तिचं नाव ननकौरी ठेवलं. अंदमानला ये-जा करणाऱ्या जुन्या लोकांना ननकौरी आठवत असेल. आत्याचं जन्मस्थान ऐंशीच्या दशकात मोडीत निघालं आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज याचा अर्थ एवढाच की हे सामान प्रवासात लागणार नाही, तळघरात टाका. ज्यांना लागणार आहे त्यांच्या पेट्यांवर वेगळा कागद. आजीने बाळाचे कपडे, लंगोट, गुटीचं सामान सगळं याच ट्रंकेत भरलं असणार. दिवस भरायला दोन महिने अवकाश होता. मोंबासाला उतरून, आगगाडीने नैरोबीला जाऊन, घर लावून मग लागणार होतं ते. ट्रंक बोटीच्या पोटात खाली आणि आजी वर, डेकच्या उतारूंत. मधे किती जिने असतील.

त्यानंतर दोन आठवडे आत्या एकाच गोष्टीवर अडून बसली. तिला तिच्या कागदांवर खरं जन्मस्थान हवं होतं. कुटुंब १९६३ नंतर केनियातून परत आलं, आत्याला ठाण्यातल्या शाळेत घातलं, तेव्हा जन्मदाखला नव्हताच. दाखल करून घेणाऱ्या गुरुजींनी जन्मस्थान विचारलं. आजोबा म्हणाले, बोटीवर. गुरुजींनी पेन हवेत धरलं, थोडा विचार केला आणि लिहिलं, ठाणे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ठाणे, त्यावरून रेशनकार्डावर, आधारवर, पासपोर्टावर ठाणे. गुरुजींचा हेतू वाईट नव्हता. रकाना होता, तो भरला. पण आत्या म्हणाली, "सत्तर वर्षं मी खोट्या गावची आहे. समुद्र कुठल्या जिल्ह्यात येतो ते मला शोधून दे."

मी शोधायला लागले. जे हाती आलं ते चमत्कारिक होतं.

विलायतेच्या १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्यात लिहिलेलं आहे की नोंदणी झालेल्या जहाजावर जन्मलेलं मूल, जहाज जिथे नोंदलं असेल तिथे जन्मलं असं धरायचं. देशविहीन माणसं कमी व्हावीत म्हणून १९६१ साली संयुक्त राष्ट्रांचा जो करार झाला, त्यातही हाच न्याय आहे, जहाजावर ज्या देशाचा झेंडा त्या देशाच्या भूमीवर जन्म. आमची करंजा विलायती झेंड्याची. म्हणजे या न्यायाने आत्या साहेबांच्या देशात जन्मली. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याच्या नियमांत धावत्या वाहनातल्या जन्माची खबर वाहन जिथे पहिल्यांदा थांबेल तिथे द्यायची असं आहे आणि वाहनात पाण्यावरचं वाहनही येतं. तो कायदा पुढचा आणि या देशापुरता, पण त्याची पट्टी लावली तर आत्या मोंबासाची ठरेल. शाळेच्या हिशोबाने ती ठाण्याची, घरच्या हिशोबाने करंज्याची. एका माणसाला चार गावं, आणि ती जिथे खरोखर जन्मली ते पाचवंच. ते कोणाच्याच कागदावर गाव म्हणून येत नाही.

इंग्लंडात पूर्वी लोकांत अशीही एक समजूत होती की समुद्रावर जन्मलेलं प्रत्येक मूल लंडनच्या स्टेपनी या पॅरिशचं. आत्याला ती फार आवडली. निदान कोणीतरी या पोरांना गाव द्यायचा विचार तरी केला होता, म्हणाली.

जहाजाच्या कप्तानाला मात्र सगळं लिहावं लागत असे. इंग्लंडात १ जुलै १८३७ पासून त्यांच्या जहाजांवरच्या जन्म-मृत्यूंची वेगळी नोंदवही आहे. जहाजाचा जो अधिकृत लॉग, त्यात प्रत्येक घटनेसमोर एक रकाना असतो, ठिकाण, आणि समुद्रात असाल तर अक्षांश-रेखांश. बंदराला पोचल्यावर हे जन्म पुढे कळवायचे. लंडनजवळ क्यू इथे त्यांचं राष्ट्रीय दप्तर आहे, तिथे १८९१ ते १९७२ पर्यंतच्या जहाजांवरच्या जन्म-मृत्यूंची पुस्तकं आहेत. मी तिथे ईमेल पाठवली आहे. आजीचं नाव कशा स्पेलिंगने लिहिलं असेल याचे आठ नमुने दिले आहेत.

हे शोधता शोधता मी नको तितकी मागे गेले. मागे जाण्यासारखं फार आहे.

गिरमिट हा शब्द ॲग्रीमेंटवरून आला. करारावर अंगठा उमटवून मॉरिशस, नाताळ, फिजी, त्रिनिदाद, सुरिनामला ऊस तोडायला गेलेली आपली माणसं. २ नोव्हेंबर १८३४ ला ॲटलस नावाचं जहाज मॉरिशसच्या पोर्ट लुईला लागलं, तिथून हे सुरू झालं. मॉरिशसला पुढे साडेचार लाखांच्या आसपास माणसं उतरली. त्यात मुंबई बंदरातून गेलेले आपल्या कोकणातले, घाटावरचे लोकही होते. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला आज सरकारी सुट्टी असते ती त्यांच्या मुळे. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर सोळा दगडी पायऱ्या आहेत. जहाजातून उतरलेला माणूस त्या सोळा पायऱ्या चढून त्या देशात शिरायचा. निघताना जेवढी माणसं मोजली त्यापेक्षा एखादं जास्तीचं, आईच्या पदराखालून चढायचं.

हे गणित मला सुटत नाही. कलकत्त्याहून फिजीला शिडाच्या जहाजाने सरासरी ७३ दिवस लागत. म्हणजे निघताना आठवा महिना लागलेली बाई बाळंत होऊनच उतरणार. पुढे आगबोटी आल्या आणि प्रवास ३० दिवसांवर आला. वेस्ट इंडीजचा प्रवास तर शिडाच्या दिवसांत तीन महिन्यांवर जायचा. सरकारचा नियम होता की शंभर पुरुषांमागे चाळीस बायका जहाजात असल्या पाहिजेत. तो आकडा भरायचा म्हणून भरती करणारे दलाल बायका शोधत हिंडायचे. नवऱ्याबरोबर निघालेल्या होत्या, एकट्या विधवा होत्या, घरातून बाहेर काढलेल्या होत्या. त्यातल्या कितीजणी पोटुशी होत्या आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

फिजीचे आकडे मी वहीत उतरवून घेतले. १८७९ ते १९१६ या काळात ४२ जहाजांनी ८७ फेऱ्या केल्या. हिंदुस्थानातून ६०,९६५ माणसं निघाली. पोचली ६०,५५३. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, एवढ्या वर्षांत चारशे बाराच माणसं वाटेत गेली, त्या काळाच्या मानाने थोडीच म्हणायची. मग लक्षात आलं की पोचलेल्यांच्या आकड्यात जहाजावर जन्मलेली मुलं धरलेली आहेत. मी वही बंद केली आणि थोड्या वेळाने परत उघडली. चारशे बारा ही गेलेल्यांची संख्या नव्हे. गेलेल्यांतून जन्मलेली वजा करून उरलेली ती संख्या आहे. जितकी मुलं वाटेत जन्मली, तितक्या मेलेल्या माणसांच्या जागी ती बेरजेत उभी केली गेली. एक बाई गेली, एक मूल झालं, हिशोब बरोबर.

फिजीला गेलेलं पहिलं जहाज लिओनिडास. मार्च १८७९ मध्ये कलकत्त्याहून ४९८ माणसं घेऊन निघालं. वाटेत पटकी आणि देवी. १४ मे ला फिजीला पोचलं तेव्हा कोणाला किनाऱ्याला लागू दिलं नाही, जवळच्या बेटावर वेगळं ठेवलं. सगळं होऊन ४६३ उतरले. त्या दहा आठवड्यांत, पटकीच्या जहाजात, एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या असतील तर तिने काय केलं असेल, हा प्रश्न मला रात्री पडतो. गरम पाणी कुठून आणलं. आडोसा कोणी धरला. नाळ कशाने कापली.

ब्रिटिश उतारू जहाजांचा १८५५ चा एक कायदा आहे. जागा आणि शिधा मोजायला त्यात माणसाचं माप ठरवून दिलेलं आहे. बारा वर्षांवरचा एक माणूस. एक ते बारा वर्षांची दोन मुलं मिळून एक माणूस. एक वर्षाच्या आतलं मूल शून्य. त्याला जागा नाही, शिधा नाही, आईच्या वाट्यातलंच काय ते. मेफ्लॉवर जहाज १६२० साली अमेरिकेला गेलं, त्यावर वाटेत एक मुलगा झाला, त्याचं नाव ओशनस ठेवलं. किनाऱ्याला नांगर टाकल्यावर दुसरा झाला, पेरेग्रीन, म्हणजे वाटसरू. चारशे वर्षांनीही ती नावं लोकांना माहीत आहेत. फिजीच्या त्या बेरजेतल्या एकाही मुलाचं नाव मला सांगता येणार नाही. माझा राग इतिहासावर नाही, बेरजेवर आहे.

पण या जहाजांनी एक शब्दही दिला. जहाजी भाई. एकाच जहाजातून आलेली माणसं मळ्यावर पोचल्यावर एकमेकांना जहाजी म्हणायची, आणि ते नातं रक्ताचं मानलं जायचं. जात, गाव, भाषा मागे राहिली होती. एकाच लाकडावर झोपलो, एकच पाणी प्यालो, हे नातं उरलं होतं. एका जहाजावरच्या दोन घरांत सोयरीक करायची नाही इथपर्यंत काही ठिकाणी ते पाळलं गेलं.

हे मी आत्याला वाचून दाखवत होते तेव्हा ती म्हणाली, "मग ती बाई माझी मावशीच की."

कोणती बाई, मी विचारलं.

आजीने शेवटच्या आजारपणात आत्याला जे सांगितलं होतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आत्याने ते तरीच्या गोष्टीत बसवून टाकलं होतं, रेवसच्या तरीत एक कच्छी बाई होती असं. रेवसच्या तरीत कच्छी बाई का असेल हा प्रश्न कोणाला पडला नाही. आजी म्हणाली होती, रात्रीची वेळ होती. पाण्याचा आवाज एवढा होता की माझा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. डॉक्टरला बोलवायला कोणीतरी गेलं, तो येईपर्यंत झालं होतं. एका कच्छी बाईने केलं सगळं. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची नाही. ती फक्त 'बस, बस' म्हणत होती. तुला पुसायला, गुंडाळायला काही नव्हतं, तिने आपली ओढणी फाडली.

आणि बाबा. बाबा तेव्हा साडेतीन वर्षांचे. त्यांना त्या प्रवासातलं एकच आठवायचं आणि ते ते फार क्वचित सांगायचे. आई दिसत नव्हती आणि एका मोठ्या ताटात खूप मुलांबरोबर मी खिचडी खाल्ली. आम्हाला वाटायचं हे नैरोबीतलं काहीतरी असेल. त्या बाईने आजीचं बाळंतपण केलं, आजीच्या मुलाला आपल्या मुलांत जेवायला बसवलं, आणि मोंबासाला उतरून ती कुठे गेली कोणास ठाऊक. झांजिबारला, दार-एस-सलामला, की आतल्या एखाद्या गावच्या दुकानात. कच्छच्या मांडवीहून तिकडे जाणाऱ्यांची पिढ्यांची वाट होती.

लॉगबुकात बाळाचं नाव लिहायला जागा आहे. बापाचं, आईचं, राहण्याच्या ठिकाणाचं, कप्तानाच्या सहीची जागा आहे. क्यूहून उत्तर आलं तर आत्याला तिचे अक्षांश-रेखांश मिळतील. बाळ कोणी हातात धरलं, याचा रकाना त्या वहीत नाही. मला आता अक्षांशांइतकंच ते हवं आहे, आणि ते कुठे लिहून पाठवू मला कळत नाही.

आत्याला मात्र उत्तराची वाट बघायचा धीर नव्हता. माझ्या मुलीचा शाळेचा ॲटलास घेतला. मुंबईवर एक टाचणी, मोंबासावर एक, आणि मध्ये गोधडीचा पांढरा दोरा ताणला. चार ते बारा तारीख, आठ दिवस. नऊ तारीख म्हणजे पाच दिवस झालेले. दोऱ्याचे आठ भाग केले आणि पाचव्यावर पेन्सिलने ठिपका दिला. सोमालियाच्या किनाऱ्यापासून बराच बाहेर, विषुववृत्ताच्या वर, साधारण पाच अंश उत्तर आणि बावन्न पूर्व. बोट वाटेत कुठल्या बंदराला वळली असेल तर ठिपका सरकेल, मी म्हटलं. "सरकू दे की," आत्या म्हणाली, "पाण्यातच सरकेल ना."

कोळी मावशींना सांगायचं काम उरलं होतं. त्या आता ऐंशीच्या पुढे, चेंदणीला लेकीकडे असतात. मला भीती होती ती त्यांचीच. आत्याने ॲटलास नेला, ठिपका दाखवला, ट्रंकेवरच्या कागदाचा फोटो दाखवला, सगळं सांगितलं. पन्नास वर्षं फुकटचे सोडे खाल्ले, असं म्हणताना तिचा आवाज बसला. मावशींनी फोटो हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. त्यांना इंग्रजी येत नाही.

"काय लिवलंय इथं?"

"करंजा."

"मंग?" त्या म्हणाल्या. "बोट करंजाच ना? मंग झालं." आणि लेकीला चहा टाकायला सांगितलं.

ओढणीचा तुकडा ट्रंकेतच होता, पासपोर्टाखाली, दुमडून दुमडून मुठीएवढा केलेला. हात-दीड हात लांबीचा. तांबडा, आता विटकरी झालेला, त्यावर पिवळे-पांढरे बारीक ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा रंगाचा बिंदू. एका कडेला तपकिरी डाग आहे. तो धुऊन गेलेला नाही आणि आम्ही धुणारही नाही. घर लावून झाल्यावर, भाड्याच्या जागेत स्थिरस्थावर झाल्यावर, आम्ही दोघी तो घेऊन मुलुंडला गेलो. तिथल्या एका जुन्या साडीच्या दुकानात कच्छी आजोबा बसतात, आत्याच्या सासरच्या ओळखीचे. त्यांना काही सांगितलं नाही, फक्त तुकडा समोर ठेवला.

आजोबांनी चष्मा वर केला, कपडा गादीवर पसरला आणि दोन्ही हातांनी तिरका ताणला. दुमडलेल्या सुरकुत्यांमधून ठिपके एकदम वर आले. बोटाने एक ओळ मोजली, ओठ हलत होते.

"इस्त्री केली नाही ना कधी?"

नाही, आत्या म्हणाली.

"करू नका. गाठ बांधून केलेलं काम आहे, ती सुरकुती हीच त्याची ओळख." मग त्यांनी कपडा उलटा केला. "रेशीम आहे. रोजची नाही ही. लग्नाची ओढणी आहे. एवढा बारीक दाणा बाई आयुष्यात एकदा घेते." त्यांनी फाटलेली कड बोटांमध्ये धरली आणि एका जागी थांबले. तिथे धागे ओढले गेलेले होते, चुरगळलेले, बाकी कड सरळ उसवत गेलेली. "कात्री लावलेली नाही. दाताने सुरुवात केली आहे, मग फाडली आहे."

आत्याने मान हलवली. आजोबांनी कपडा पहिल्यासारखा, जुन्याच घड्यांवर दुमडला. घाई न करता. आणि मग विचारलं, "बाकीची कुठे आहे?"

"तिच्याकडे," आत्या म्हणाली.